शिवणीत थोडी माया ठेवा



जून उजाडला की आपल्या शाळेत तीन कामं एकदम अंगावर येतात. प्रवेश, पुस्तकं आणि गणवेश. पहिल्या दोन कामांवर आपण भरपूर बोलतो, लिहितो. गणवेशाबद्दल बोलतो ते एवढंच की पैसे कधी आले, कापड कसं आहे, वाटप झालं की नाही. ज्या लेकराच्या अंगावर तो गणवेश चढणार आहे, त्याला त्यात कसं वाटतं, हे आपण क्वचितच विचारतो. आज त्याबद्दल लिहायचं आहे. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

गणवेशाची मापं घ्यायला गावातले टेलरकाका वर्गात आले होते. पाचवीचा वर्ग. सगळी मुलं रांगेत उभी. काका टेप लावून आकडा सांगायचे, मी तो मोठ्यानं परत म्हणायचे आणि वहीत लिहायचे. चूक होऊ नये म्हणून. सव्वीस, सत्तावीस, पंचवीस असं चाललं होतं. मग एक अंगानं भरलेला मुलगा पुढं आला. काका म्हणाले, "छाती चौतीस." मीही मोठ्यानं म्हटलं, "चौतीस!" मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. एकानं मुलीसारखा आवाज काढला. मी "शांत बसा रे" म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

माझ्यासाठी ती गोष्ट तिथंच संपली. त्याच्यासाठी नाही. आठवडाभरात वर्गात त्याचं नावच 'चौतीस' पडलं. तो दप्तर पाठीला लावायचं सोडून पुढं छातीशी धरून चालायला लागला. कवायतीला पोट दुखायला लागलं. मग त्याची आई आली. "मॅडम, सकाळपासून रडायलाय बगा. गणवेश घालणार नाही म्हणतो. पोरं चौतीस म्हणतेत म्हणे."

त्या आकड्याला आवाज कुणी दिला? मी दिला.

दोन टिंगली, पण गाठ एकच

आपल्या भागात जाड लेकराचं मोठं कौतुक असतं. तीन-चार वर्षांचं गुटगुटीत बाळ दिसलं की बायका म्हणतात, खात्यापित्या घरचं आहे. तेच लेकरू दहा वर्षांचं झालं की ढोल्या, भोपळ्या, टुणटुण होतं. इथपर्यंत आपल्या लक्षात येतं. पण नीट कान देऊन ऐका. जाड मुलाला पोरं नुसतं जाड म्हणून थांबत नाहीत. त्याच्या छातीवरून त्याला 'बायल्या' म्हणतात. जाड मुलीला 'पैलवान' म्हणतात, 'बाप्या' म्हणतात. म्हणजे अंगाची टिंगल बघता बघता 'तू नीट मुलगा नाहीस', 'तू नीट मुलगी नाहीस' इथं येऊन पोचते.

आता असं लेकरू डोळ्यांसमोर आणा, जे अंगानं जाड आहे आणि ज्याला आतूनही आपण इतर मुलांसारखे किंवा इतर मुलींसारखे नाही असं वाटतंय. काही मुलं पुढं मोठी होऊन तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणून जगतात, काही समलिंगी असतात. चौथी-पाचवीत त्यांना स्वतःलाही हे शब्द माहीत नसतात. पण कोणते कपडे अंगावर बरे वाटतात आणि कोणते टोचतात, हे त्यांना शब्दांच्या आधी कळतं. अशा लेकराला दोन्ही टिंगली एकाच वेळी लागतात, आणि दोन्हींचं निमित्त होतं अंगावरचा कपडा.

इथं एक सांगून ठेवते. डोक्यावर ओढणी घेऊन आरशासमोर नाचणारा प्रत्येक मुलगा पुढं तृतीयपंथी होत नसतो. पँट मागणारी प्रत्येक मुलगी पुरुष होत नसते. लेकरांवर चिठ्ठी चिकटवणं हे आपलं काम नाही. पण चिठ्ठी न चिकटवताही त्याला टिंगलीतून वाचवता येतं.

मापाचा ब्लाऊज नसलेली बाई

नांदेडात राहणाऱ्या एक तृतीयपंथी ताई माझ्या ओळखीच्या आहेत. चाळिशीच्या, उंच आणि अंगानं भारी. त्या मुलाच्या प्रसंगानंतर मी त्यांच्याशी बोलले. त्यांच्या परवानगीनंच हे लिहितेय, नाव मात्र देत नाही.

त्या म्हणाल्या, "तयार कुर्ता घ्यायचा म्हटलं तर खांदा बसला की बाही अडकते. बाही बसली की पोटावर ताणतो. लेगिंगवर फ्री साईज लिहिलेलं असतं. ती फ्री साईज कुणाची, ते दुकानदारालाच ठाऊक." दुकानात घालून बघायची सोय त्यांच्यासाठी नसल्यात जमा. बायकांच्या ट्रायल रूमकडं गेलं की पोरगी म्हणते, इकडं नाही. पुरुषांच्या बाजूला कुर्ता घेऊन गेलं की सगळं दुकान बघतं. मग अंदाजानं घ्यायचं, घरी जाऊन बसला नाही की पुन्हा बदलायला जायचं, म्हणजे पुन्हा तेच.

मग शिवून घ्यावं म्हटलं, तर लेडीज टेलर म्हणतो, मापाचा ब्लाऊज आणा. आपल्याकडं बहुतेक बायका असाच ब्लाऊज शिवतात, जुना नेऊन द्यायचा. पण जिला आजवर एकही ब्लाऊज नीट बसलेला नाही, तिनं मापाचा ब्लाऊज आणायचा कुठून? अंगावर टेप लावून माप घ्यायला टेलर तयार नाहीत. जेन्ट्स टेलरकडं गेलं की आधी हसू, मग काम.

शेवटी त्यांच्याच गल्लीत फॉल-पिको करणाऱ्या एका बाईंनी त्यांना घरात बोलावलं, दार लोटलं आणि गुपचूप माप घेतलं. आकडा तोंडानं उच्चारला नाही, कागदावर लिहिला. ब्लाऊज देताना म्हणाल्या, "आत दोन्ही बाजूंनी जास्तीची माया ठेवलीय. लागली तर उसवून घ्या."

शिवणकाम जाणणाऱ्यांना 'माया' शब्द ठाऊक आहे. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. लेकरू वाढलं की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. आपल्या पूर्वजांनी त्या कापडाला हाच शब्द का दिला असेल, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

ताईंना मी विचारलं, शाळेतलं काय आठवतं? त्या म्हणाल्या, "शिव्या याद नाहीत मॅडम. आठवीत सरांनी सगळ्यांसमोर माझ्या छातीचा आकडा सांगितला होता. तो याद हाय." पंचवीसेक वर्षं झाली त्याला. मला माझा 'चौतीस' आठवला.

त्यांनीच लातूरला क्लाससाठी राहिलेल्या एका पोराबद्दल सांगितलं. लातूर पॅटर्नच्या नावानं आपल्या नांदेड, परभणी, धाराशिवकडची किती लेकरं तिथं जातात, हे तुम्हाला माहीतच आहे. हा पोरगा जन्मानं मुलगी, अंगानं जाड, मुलींच्या वसतिगृहात राहायचा. शर्टाची बटणं छातीवर उघडी पडतात म्हणून तो छातीला क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचा. मे महिन्यातलं बेचाळीस अंशांचं ऊन, वर पत्रे. एके दिवशी श्वास कोंडून पडला. पालकांनी हे लक्षात ठेवा. अशी पट्टी श्वास अडवते, कातडी सोलते, बरगड्यांना इजा करते. एखादं लेकरू उन्हाळ्यातही स्वेटर किंवा जॅकेट काढत नसेल, तर आधी रागावू नका. आत काय लपवतंय ते शांतपणे, एकांतात विचारा, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडं न्या.

"हे सगळं शहरातलं फॅड आहे"

असं म्हणणारे सहकारी मलाही भेटतात. त्यांना आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं उदाहरण सांगते. माजलगावच्या महिला पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये शासनानं परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे म्हणून ते पुन्हा पोलीस दलात रुजू झाले. पोलिसाचाही गणवेशच असतो. त्याच खात्यानं त्याच माणसाला नव्या नावानं आणि नव्या ओळखीनं तो घालू दिला. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या माणसाची ही गोष्ट आहे.

आणि जुनंच बघायचं तर बालगंधर्व आठवा. नारायण श्रीपाद राजहंस, पुरुष, स्त्रीभूमिका करायचे. त्यांचे शालू, त्यांचे दागिने, नेसण्याची तऱ्हा बघून घरंदाज बायका तशा नटायच्या. पुढं वय झालं, अंग सुटलं, तरी लोक त्यांना त्या वेषात बघायला जात होते. म्हणजे जाड अंगाच्या पुरुषाला साडीत बघून मान डोलावणारा समाज आपलाच होता. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला आणि २०१० साली आलेल्या सिनेमातला गुणा तर पैलवानी अंगाचा. नाच्या होण्यासाठी त्याला ते अंग उतरवावं लागतं. फडावर त्याला टाळ्या मिळतात आणि खाली उतरला की तेच लोक त्याची विटंबना करतात. आपला प्रश्न नेमका इथं आहे. मंचावर चालतं ते रस्त्यावर, वर्गात, दुकानात चालत नाही.

दिशा पिंकी शेख या आपल्या मराठीतल्या तृतीयपंथी कवयित्री. त्यांच्या कवितासंग्रहाचं नावच 'कुरूप' आहे. एखाद्या बाईला आपल्या पुस्तकाला हे नाव द्यावंसं वाटतं, तेव्हा तिला आयुष्यभर काय ऐकवलं गेलं असेल याचा विचार शिक्षक म्हणून आपण करायला हवा. ताई म्हणतात, "बारीक आणि नाजूक असलं तर लोक म्हणतेत, अगदी बाईसारखी दिसते. माझ्यासारखीला म्हणतेत, कशाला सोंग करती." सिनेमात, मोबाइलवर दिसणाऱ्याही बहुतेक सडपातळच. म्हणजे बाई म्हणून मान्यता मिळवायलाही आधी वजनकाट्यावर उभं राहायचं.

कायदा काय सांगतो

आपण सरकारी नियम पाळणारी माणसं, म्हणून हेही लिहिते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'नालसा' खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता शिकवावं, असं त्यात म्हटलं आहे. आणि आपल्याला तोंडपाठ असलेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई करतं. आकडा मोठ्यानं वाचणं छळात बसतं का, हे वकील सांगतील. त्या मुलाला काय वाटलं, ते मी पाहिलं आहे.

एनसीईआरटीनं २०२१ मध्ये शिक्षकांसाठी पारलिंगी मुलांबद्दल एक प्रशिक्षण साहित्य तयार केलं होतं. गणवेश, स्वच्छतागृह अशा रोजच्या गोष्टींचा त्यात विचार होता. त्यावर तक्रारी झाल्या आणि ते संकेतस्थळावरून काढण्यात आलं. डी.एड.ला आपण बालमानसशास्त्र शिकलो, पाठ टाचणं काढली, पण या प्रश्नावर एकही तास झाला नाही. तेव्हा वरून काही येईल याची वाट न बघता आपल्या वर्गापुरतं आपणच ठरवावं लागेल.

एकच माप सगळ्यांना बसत नाही

२०२४-२५ मध्ये राज्यात 'एक राज्य, एक गणवेश' आला. कापड एकाच ठिकाणाहून आणि शिलाई बचत गटांमार्फत, अशी ती योजना होती. गणवेश उशिरा आले, मापं चुकली, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय बदलला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. मला यातून मिळालेला धडा साधा आहे. लांब बसून ठरवलेलं माप जवळच्या लेकराला बसत नाही. आता काम आपल्याच हातात आहे, तर ते नीट करू या.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं मुलामुलींना सारखाच गणवेश दिला. शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी तीन-चतुर्थांश पँट. मुली मोकळेपणानं पळू-खेळू लागल्या. मला हे आवडलं. पण सगळ्यांना शर्ट-पँट दिली की प्रश्न सुटला, असंही नाही. शर्ट 'इन' करायची सक्ती असेल तर जाड लेकराचं पोट आणि छाती त्यातच जास्त उठून दिसते. म्हणून रंग एक ठेवा, पण बेत थोडा सैल ठेवा. निवड करू द्या.

मी माझ्या वर्गात सुरू केलेल्या आणि तुम्हालाही सहज जमतील अशा काही गोष्टी सांगते.

१. माप रांगेत घेऊ नका. एकेका मुलाला बाजूच्या खोलीत बोलवा. मुलींचं माप शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून घ्या. आकडा तोंडानं न बोलता वहीत लिहा. ज्याला अंगाला टेप लावून घ्यायचा नसेल, त्याला घरचा नीट बसणारा शर्ट आणू द्या.

२. टेलरला सांगा, बाजूच्या शिवणीत आणि खाली भरपूर माया सोडा. वाढत्या अंगाच्या प्रत्येक लेकराला ती उपयोगी पडते, त्यामुळं कुणाला वेगळं काढल्यासारखंही होत नाही.

३. शर्ट बाहेर ठेवायची मुभा सगळ्यांना द्या. हाफ पँट नको वाटणाऱ्या मुलाला फुल पँट, पँट हवी असलेल्या मुलीला पँट, हे व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा. कारण विचारत बसू नका.

४. आरोग्य तपासणीत उंची-वजन होतं तेव्हाही हेच. वजन डॉक्टर आणि पालक यांच्यात राहू द्या. जाडपणाची काळजी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. पण चिडवून आजवर एकाही लेकराचं वजन उतरलेलं नाही. उलट ते कवायतीला यायचं सोडतं.

५. स्नेहसंमेलनात जाड मुलाला दरवर्षी कुंभकर्ण किंवा ढेरपोट्या हवालदार करू नका. आणि मुलाला साडी नेसवून लोकांना हसवायचं, हा आपला ठरलेला कार्यक्रम बंद करा. खाली बसलेल्या एखाद्या लेकराला त्या दिवशी कळतं की आपल्या मनात जे आहे, ते लोकांना हसण्याजोगं वाटतं.

६. बालभारतीच्या २०१९ मध्ये आलेल्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून स्वयंपाकघरात काम करतानाचं चित्र आहे. ते दाखवून मुलांशी बोला. बाईचं काम, बाप्याचं काम, बाईचा कपडा, बाप्याचा कपडा यावर मुलं फार छान बोलतात. आपण मध्ये थांबवलं नाही तर.

पालकांना एवढंच सांगणं आहे. 'बारीक झालास की बसेल' म्हणून लहान मापाचे कपडे घेऊ नका. ते कपाटात बसून रोज लेकराला टोमणा मारतात. 'अशानं तुला कोण पोरगी देईल' हे वाक्य घरातून काढून टाका. आज जे अंग आहे, त्याला बसणारा एक तरी चांगला कपडा लेकराकडं असू द्या, आणि तो त्याला निवडू द्या. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, चारी बाजूंना दुकानं आहेत. तेवढं फिरूनही एखाद्याला आपल्या मापाचा आणि आपल्या मनाचा कपडा मिळत नसेल, तर निदान घरात त्याला त्यावरून बोलणं तरी बसू नये.

राहिली माझी गोष्ट. मी त्या मुलाला एकट्याला बोलावून म्हटलं, "बाळा, त्या दिवशी माझं चुकलं. आकडा मी ओरडायला नको होता." तो काही बोलला नाही. खाली बघून बुटाच्या लेसशी खेळत राहिला. वर्गातही मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक मॅडमची होती, आणि आकड्यानं हाक मारणं बंद झालं पाहिजे. एका दिवसात थांबलं नाही. हळूहळू कमी झालं. टेलरकाकांनी त्याचा शर्ट उसवून मोठा करून दिला. दप्तर मात्र तो अजून अधूनमधून पुढंच धरतो. मी काही म्हणत नाही.

तो पुढं कोण होईल, मला माहीत नाही, आणि आज माहीत असायची गरजही नाही. चाळिशीत कुणी त्याला विचारलं, शाळेतलं काय आठवतं, तर त्यानं आकडा सांगू नये, एवढीच माझी इच्छा आहे. येत्या जूनमध्ये टेप हातात घ्याल, तेव्हा हे जरूर आठवा.